वाढदिवसाला गिफ्ट नको, सिंहगडावर चला

पुण्यात असाल तर मुलांच्या वाढदिवसाला हॉल वगैरे बुक करू नका, सरळ सिंहगडावर न्या. मेसेजमध्येच स्पष्ट लिहा की गिफ्ट आणू नका, फक्त बूट घालून पाण्याची बाटली घेऊन या, नाहीतर लोक काहीतरी आणतातच. पाच-सहाच मुलं बोलवा, दोघांमागे एक मोठं माणूस हवंच. पहाटे गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायला लागायचं, रविवार टाळा, फार गर्दी असते. केक नको, त्यापेक्षा निरांजन, कुंकू, अक्षता डब्यात घ्या आणि वर औक्षण करा, वाऱ्याने ज्योत फडफडली की सगळी पोरं आपोआप हाताचा आडोसा करून गोल उभी राहतात, इतकं छान वाटतं ना ते बघताना! मग गरम पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही.