दोनशे जॉब एकाच मापाचे, वाक मात्र प्रत्येकाचा वेगळा? लॉटच्या वेल्डिंगमधल्या या चुका टाळा

सकाळचा पहिला जॉब (वेल्ड केलेला नग) गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, अलगद बसतो. जेवणानंतरचा जॉब त्याच गेजमध्ये हातोडीशिवाय जात नाही. फिक्स्चर (वेल्ड करताना जॉब धरून ठेवणारा सांगाडा) तेच, वायर तीच, वेल्डरही तोच. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशन करताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय, आणि सुरुवातीच्या वर्षांत यापायी इतका माल परत आलाय, की एकदा बसून सगळं नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच जॉब धरतो. ५० × ५० × ३ ची चौकोनी ट्यूब, लांबी ८०० मिलिमीटर. तिच्या एकाच बाजूवर चार ब्रॅकेट, सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आवरणात सतत येणाऱ्या तारेनं केलेलं). टोकांच्या दोन ब्रॅकेटमधल्या भोकांचं अंतर ६०० मिलिमीटर, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अर्धा मिलिमीटर वर-खाली. सगळं वेल्डिंग एकाच बाजूला असल्यामुळे ट्यूब धनुष्यासारखी वाकते. वेल्डची बाजू आत ओढली जाते, तिच्या मागची बाजू फुगते.

असं का होतं? एक मीटर स्टील शंभर अंशांनी तापलं की साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. वेल्डजवळचा पट्टा वाढायला बघतो, पण आजूबाजूचं थंड स्टील त्याला वाढू देत नाही. साधं माइल्ड स्टील पूर्ण जखडलेलं असेल तर शेजारच्यापेक्षा शंभरेक अंश जास्त तापलं तरी ते आतल्या आत कायमचं दबायला लागतं. वेल्डजवळ तर तापमान वितळण्यापर्यंत जातं. थंड होताना हा दबलेला पट्टा आधीपेक्षा आखूड होतो आणि सगळ्या जॉबला आपल्याकडे ओढतो. थोडक्यात, वाक येणारच. प्रश्न फक्त किती येतो आणि दरवेळी तेवढाच येतो का, हा आहे.

वाक कमी करायला आधी धावू नका

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जॉब वाकलेला दिसला की आपण लगेच क्लॅम्प वाढवतो, करंट बदलतो, क्रम बदलतो, आणि हे सगळं एकाच दिवशी करतो. त्याआधी एक काम करा. काहीही न बदलता सलग पाच जॉब करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि प्रत्येकाचा मधला वाक मोजून लिहा.

समजा आकडे आले २.४, २.६, २.५, २.५, २.३. आणि दुसऱ्या वेल्डरचे आले ०.८, ३.१, १.६, ०.२, २.२. दुसऱ्याची सरासरी कमी आहे, म्हणून त्याचं काम चांगलं असं वाटेल. प्रत्यक्षात पहिल्याचा लॉट सुधारता येतो, दुसऱ्याचा येत नाही. दरवेळी अडीच मिलिमीटर वाकणाऱ्या जॉबला आधीच उलटा वाक देऊन सरळ काढता येतं. कधी पाव तर कधी तीन मिलिमीटर वाकणाऱ्याला कुठलंही फिक्स्चर वाचवू शकत नाही. लॉटच्या कामात वाक आधी सारखा करायचा आणि मग घालवायचा. पुढच्या बहुतेक चुका या सारखेपणाच्याच आड येतात.

फट आणि फुगलेलं वेल्ड

आकड्यांमध्ये पसारा दिसला की मी पहिल्यांदा कटिंगवर जातो, वेल्डिंगवर नाही. ब्रॅकेट लेझरवर कापलेला, मापात चोख. ट्यूब मात्र कट-ऑफ मशीनवर कापलेली, टोक गुण्यात (काटकोनात) नाही, कडेला बर (कापताना राहिलेली धारदार कड) तशीच. एका जॉबला ब्रॅकेट घट्ट टेकतो, पुढच्याला दीड मिलिमीटर फट राहते. ती फट वेल्डर भरणारच. जिथे जास्त धातू पडतो तिथे जास्त उष्णता जाते आणि ओढही जास्त बसते. टॅक (तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारण्याआधी एक मिलिमीटरची फीलर पट्टी फटीत घालून बघा. आत गेली तर जॉब बाजूला ठेवा. बर काढायला ग्राइंडरवर दहा सेकंद लागतात.

वेल्डच्या मापाचंही तसंच आहे. ड्रॉइंगवर ३ मिलिमीटरचा फिलेट (कोपऱ्यात भरलेलं तिकोनी वेल्ड) लिहिलेला असतो आणि मिस्त्री प्रेमानं ५ चा मारतात. "मालक, जरा तगडा मारला की बरं असतंय." हेतू चांगला असतो, म्हणून त्यांना रागावून उपयोग नाही, आकडा दाखवावा लागतो. फिलेटचं क्षेत्रफळ पायाच्या, म्हणजे तिकोनाच्या काटकोनातल्या बाजूच्या, वर्गाच्या निम्मं असतं. ३ चा फिलेट म्हणजे साडेचार चौरस मिलिमीटर, ५ चा म्हणजे साडेबारा. पाय दोनच मिलिमीटरनं वाढला, पण धातू पावणेतीन पट झाला. वायर तेवढी जास्त, वेळ तेवढा जास्त, ओढ तेवढी जास्त. आणि ३ मिलिमीटरच्या ट्यूबवर ५ चा फिलेट जोड काही मजबूत करत नाही, कारण तुटायचीच वेळ आली तर ट्यूबच आधी तुटेल. प्रत्येक वेल्डरच्या खिशात फिलेट गेज असू द्या. मी आमच्याकडे ते टेबलाला साखळीनं बांधून ठेवले होते, तेव्हा कुणी हात लावला नाही. खिशात दिले तेव्हा वापरात आले.

"करंट कमी केला की वाकणार नाही"

हा समज इतका पक्का आहे की त्याला वेगळी जागा द्यावी लागते. जॉबला किती उष्णता मिळते ते एकट्या करंटवर ठरत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला किती मिलिमीटर सरकलो, पुन्हा भागिले हजार. उत्तर येतं एका मिलिमीटरला किती किलोज्यूल.

१२० अँपिअर, १८ व्होल्ट लावले. तार नीट वितळेना म्हणून गन रेंगाळली, वेग मिनिटाला १८० मिलिमीटर. हिशोब करा: ०.७२ किलोज्यूल. आता १६० अँपिअर, २० व्होल्ट, पण हात सरळ पुढे, मिनिटाला ३५०. हिशोब येतो ०.५५. प्रक्रियेच्या कार्यक्षमतेचा गुणक दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो सोडलाय. करंट वाढवूनही उष्णता पावपट कमी झाली, आणि आत घुसणं चांगलं झालं ते वेगळंच. करंट उतरवलेल्या जॉबवर बीड (वेल्डची ओळ) वरवर बसलेलं असतं. तो दिसायला कमी तापलेला वाटतो, पण पुढे जोड सुटतो.

म्हणून वेल्डरला करंटचा आकडा दिला तसा वेळेचाही द्या. ५० मिलिमीटरचा रन (सलग मारलेलं एक वेल्ड) अमुक सेकंदांत संपला पाहिजे, एवढं सांगितलं तरी पुरतं. मोबाइलवर घड्याळ लावून पाच रन बघितले की हात कुणाचा रेंगाळतो ते लगेच कळतं.

क्रम डोक्यात नको, फिक्स्चरवर हवा

सकाळच्या शिफ्टचा वेल्डर डावीकडून सुरू करतो, रात्रीचा उजवीकडून. दोघांचं वेल्ड सुंदर, पण जॉब दोन प्रकारचे. टोकापासून टोकापर्यंत सरळ मारत गेलं की साठलेली उष्णता पुढे पुढे ढकलली जाते आणि शेवटचा ब्रॅकेट सगळ्यात जास्त हलतो. मधल्या दोन ब्रॅकेटपासून बाहेर जावं, एकदा डावा, एकदा उजवा. ब्रॅकेटच्या एकाच बाजूला पूर्ण रन मारून मग दुसऱ्या बाजूला गेलात तर ब्रॅकेट पहिल्या रनकडे कलतो आणि दुसरा रन त्याला पूर्ण परत आणत नाही. दोन्ही बाजूंना आधी टॅक हवेतच, आणि ते टिकले नाहीत तर उपयोग नाही. तडकलेल्या टॅकवर चढवलेलं वेल्ड म्हणजे मोकळ्या तुकड्यावरचं वेल्ड.

आम्ही क्रमाचे आकडे फिक्स्चरवरच ऑइल पेंटनं लिहितो, बाणासह. कागद टेबलावर ठेवला की चार दिवसांत काळा होतो.

फिक्स्चरच्या बाबतीत आमच्याकडून झालेल्या चुका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण फिक्स्चर चुकलं की दोनशेच्या दोनशे जॉब चुकतात.

पहिली गोष्ट, क्लॅम्प वाकायला अडवतो, पण ओढ नाहीशी करत नाही. ती आत साठते आणि टॉगल (झटकन उघडणारा क्लॅम्प) उघडला की बाहेर येते. जॉब लाल असतानाच टॉगल उघडला तर उरलेलं सगळं आकुंचन मोकळ्या जॉबमध्ये होतं. थंड होईपर्यंत थांबायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. मग फिक्स्चरच्या दोन जोड्या करा. एकात वेल्डिंग चालू, दुसऱ्यात जॉब निवतोय. तेही जमत नसेल तर निदान प्रत्येक जॉब वेल्ड संपल्यावर तेवढ्याच सेकंदांनी उघडा. एक जॉब गरम काढायचा आणि दुसरा चहा संपल्यावर, हे सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट, फिक्स्चर स्वतः तापतं. सुरुवातीला मी सांगितलेल्या सकाळ-दुपारच्या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. जॉबच्या भोकांत बसणाऱ्या दोन पिनांमधलं अंतर ६०० मिलिमीटर असेल आणि फिक्स्चर सकाळपेक्षा तीस अंशांनी तापलं, तर पिना साधारण ०.२ मिलिमीटरनं लांब जातात. एकूण एक मिलिमीटरच्या टॉलरन्सचा पाचवा हिस्सा कुणी हातही न लावता गेला. पहिला जॉब पास झाला म्हणून निश्चिंत राहू नका. फिक्स्चर तापल्यानंतरचे जॉब मोजा, आणि पिनांचं माप त्या चालू अवस्थेसाठी जुळवा. वेल्डच्या मागे तांब्याची पट्टी लावली तर बरीच उष्णता ती खेचते, पण तीसुद्धा दिवसभरात तापते, हे विसरू नका.

तिसरी, दोन्ही भोकांत घट्ट गोल पिना. जॉब आकसतो आणि पिनांवर आवळून बसतो. मग हेल्पर खालून हातोडी मारून काढतो. महिन्याभरात पिन वाकते, लोकेटर (जॉब जागेवर टेकवणारे भाग) सैल होतात, आणि दोष वेल्डरच्या नावावर जातो. एक पिन गोल ठेवा. दुसरीला जॉबच्या लांबीच्या दिशेनं दोन्हीकडून चपटं करा, म्हणजे जॉबला त्या दिशेला आकसायला वाव राहतो. किती आकसतो ते त्या पाच जॉबवरून कळलेलंच असतं, तेवढं अंतर फिक्स्चरमध्ये आधीच वाढवून ठेवायचं.

आणि टेकण्याच्या जागांवरचे वेल्डचे शिंतोडे. अर्ध्या मिलिमीटरचा दाणा लोकेटरखाली बसला की पुढचे सगळे जॉब तिरके. दर दहा जॉबनंतर ब्रश मारायचा, हे कामाच्या पद्धतीतच लिहा.

उलटा वाक देताना

आता वाक सारखा झालाय, दरवेळी अडीच मिलिमीटर. वेल्डची बाजू वर ठेवून ट्यूबच्या मध्याखाली शिम (ठरावीक जाडीची पट्टी) घाला आणि दोन्ही टोकं क्लॅम्पनं खाली दाबा. वरची बाजू ताणली जाते, ट्यूबला उलटी पोक येते, आणि या अवस्थेत वेल्ड करायचं. चूक होते ती इथे: वाक अडीचचा, म्हणून शिमही अडीचची. आम्ही तेच केलं आणि एक मिलिमीटर वाक उरला. ट्यूब दाबून वाकवलेली असते, त्यातला बराचसा भाग क्लॅम्प सोडल्यावर स्प्रिंगसारखा परत येतो. शेवटी ४ ची शिम जुळली. तुमच्या जॉबला वेगळी जुळेल. शिम बदलायची, पाच जॉब करायचे, मोजायचे.

दोन सारखे जॉब पाठीला पाठ लावून आवळले तर एकाची ओढ दुसऱ्याच्या विरुद्ध जाते. छोट्या लॉटला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पण दोन्हीवर आलटून पालटून वेल्ड करा आणि दोन्ही थंड झाल्यावरच सोडवा.

मोजायचं म्हटलं की अजून एक चूक आठवते. गरम जॉब मोजणं. शेजारच्या हवेपेक्षा ८० अंश गरम असलेल्या जॉबमध्ये ६०० मिलिमीटरचं अंतर साधारण ०.६ नं जास्त दिसतं. हातात धरवत नसेल तर मोजू नका. गेजमध्ये बसलेला जॉब संध्याकाळी पार्टीकडे बसत नाही, यामागे कधी कधी एवढंच कारण असतं.

वाकलेलाच असेल तर

गॅस टॉर्चनं सरळ करताना उष्णता फुगलेल्या बाजूला द्यायची, आत गेलेल्या नाही. तापलेली जागा थंड होताना आखूड होते आणि ओढते, वेल्डसारखीच. आतल्या बाजूला टॉर्च लावून "अजून वाकला" म्हणणारे बरेच भेटतात. मंद लाल, सहाशे ते साडेसहाशे अंशांच्या आसपास पुरे. छोटे ठिपके द्या, एक निवल्याशिवाय दुसरा देऊ नका. पिवळा होईपर्यंत तापवला तर स्टीलचं नुकसान होतं आणि ३ मिलिमीटरची भिंत चेपते.

पाण्यात बुचकळून झटपट थंड करायची सवयही काही शेडमध्ये आहे. साध्या माइल्ड स्टीलच्या पातळ जॉबला त्यानं लगेच तडा जाईल असं नाही, पण दोन जॉब सारखे थंड होत नाहीत. जॉबमध्ये ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या स्टीलचा) बुश असेल तर मात्र हे अजिबात करू नका. त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. वेल्डशेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. असा बुश आधी तापवून वेल्ड करायचा आणि सावकाश निवू द्यायचा.

भोकांच्या अंतराला ०.२ वगैरे टॉलरन्स असेल, तर फिक्स्चरशी झगडण्यात अर्थ नाही. भोकं वेल्डिंगनंतर करा. जाड जॉबवर वेल्डनंतर बरंच मशीनिंग असेल तर आधी स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतला ताण घालवणं) लागतं, नाहीतर धातू निघाला की जॉब पुन्हा हलतो. हे कोटेशन देतानाच पार्टीशी बोलून घ्या, पहिला लॉट रिजेक्ट झाल्यावर नाही.

आणि सगळं जुळलेलं असताना अचानक वाक बदलला, तर ट्यूबचं बंडल बदललंय का ते आधी बघा. ट्यूब तयार होतानाच तिच्यात ताण भरलेला असतो, आणि लांबीची शिवण (पत्रा वळवून जोडल्याची रेघ) एका बाजूला असते. एका जॉबला शिवण वर, दुसऱ्याला कडेला आली तर वाकही थोडा वेगळा येतो. आमच्याकडे आता शिवण कायम खालच्या बाजूला ठेवतात, कापतानाच त्या बाजूला खडूची रेघ मारतात, आणि नवीन बंडल सोडलं की शिम तीच ठेवून पहिले पाच जॉब पुन्हा मोजतात.