जुन्या दहा स्पीडवर नवे अकरा स्पीड शिफ्टर

सायकलच्या शिमानो १०५ गिअरसंचातले दहा स्पीडचे ५७०० शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलणारे खटके) काढून अकरा स्पीडचे ५८०० बसवताय? मग मागचा डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बदला; इथे काटकसर नडते. नवा शिफ्टर एका क्लिकला सुमारे २.७ मिमी केबल ओढतो. जुना डिरेलर ती ओढ १.७ पट करतो, म्हणजे ४.६ मिमी; कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, शेजारच्या दोन चकत्यांत मात्र अंतर ३.७ मिमीच्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या क्लिकला चेन भलतीकडेच. बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण जुळवणारा स्क्रू) कितीही फिरवा, हे सुटत नाही.

क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) जुनी चालते. चेन मात्र अकराचीच घ्या.

चाकाचं उलटं आहे, नव्यावर जुनं चालतं: अकराच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आठ-नऊ स्पीडची कॅसेट चढवताना आधी १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडं) घाला, नाहीतर कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते. अकराची कॅसेट दहाच्या हबवर सहसा मावतच नाही.