एका ओळीची दुरुस्ती, पण कोण करतंय?

कोडमधली दुरुस्ती एका ओळीची असली की वाटतं, लगेच टाकून मोकळं व्हावं. पण तीच ओळ दुसऱ्या मेंटेनरनेही (प्रकल्प सांभाळणाऱ्यानेही) आपल्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखेवर, सुधारली असेल, तर मर्ज करताना (दोन्ही बदल एकत्र करताना) दोघांचाही वेळ जातो. म्हणून कोडला हात लावण्याआधी इश्यू, म्हणजे त्या चुकीबद्दलची नोंद, स्वतःच्या नावावर लावा.

लिनक्स कर्नेलची (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) पद्धत मला फार आवडते. चूक कोणत्या कमिटमुळे (नोंदवलेल्या बदलामुळे) शिरली ते गिट ब्लेमने (कोणती ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेने) शोधायचं आणि पॅचच्या (पाठवलेल्या दुरुस्तीच्या) संदेशात ‘फिक्सेस’ टॅगपुढे त्या कमिटच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली 12 अक्षरं व कंसात त्याचं शीर्षक द्यायचं. त्या एका ओळीवरून जुन्या स्टेबल आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना कळतं, हा पॅच आपल्याकडे लागतो की नाही. तुमचा प्रकल्प पाच जणांचा असला तरी ही ओळ लिहाच.

आणि एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. जाता जाता स्पेस नीट केल्या, एखाद्या फंक्शनचं नाव बदललं, तर त्याचा वेगळा कमिट करा. नाहीतर पॅच मागे घ्यायची वेळ आली की चांगलं कामही सोबत जातं.