सिंगल ओरिजिन कॉफी आंबट लागते? दाण्यांना दोष देण्याआधी या चुका टाळा

सिंगल ओरिजिनचं पाकीट हौसेनं आणायचं, रोजच्या पद्धतीनं कॉफी करायची आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायचं, असं अनेकांचं होतं. माझंही केनियाच्या पहिल्या पाकिटाबाबत तेच झालं. अर्धं पाकीट संपत आल्यावर सहज दळण बारीक केलं, आणि त्याच दाण्यांतून ब्लॅककरंटसारखी रसदार, आंबटगोड चव आली. दाणे पहिल्या दिवसापासून चांगले होते. चुकत होतं ते माझं दळण.

पहिला गैरसमज नावातच आहे. 'सिंगल ओरिजिन' हा दर्जाचा शिक्का नाही. कॉफी एकाच ठिकाणची आहे, एवढंच तो शब्द सांगतो, आणि ते 'ठिकाण' केवढंही असू शकतं. जगातली सुमारे एक तृतीयांश कॉफी एकट्या ब्राझीलमध्ये पिकते. त्यामुळे पाकिटावर नुसतं 'ब्राझील' लिहिलं असेल तर फारसं काहीच कळत नाही. प्रदेश, मळा किंवा सहकारी संस्था, उंची, वाण, प्रक्रिया आणि हंगाम यांतलं जितकं जास्त दिलं असेल तितकं बरं. मात्र शेतकऱ्याचं नाव नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका. इथिओपिया आणि केनियात शेकडो छोटे शेतकरी आपली फळं एकाच प्रक्रिया केंद्रावर आणून घालतात, म्हणून तिथे केंद्राचं नाव हीच खरी ओळख असते. आणि '१००% अरेबिका' म्हणजे सिंगल ओरिजिन नव्हे. ती फक्त प्रजाती झाली. दाणे चार देशांतले असू शकतात.

ब्लेंडला, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या दाण्यांच्या मिश्रणाला, कमी लेखणं ही तितकीच मोठी चूक. मोका-जावा हे सर्वांत जुन्या ब्लेंडपैकी एक: येमेनच्या कॉफीचा फळांसारखा सुगंध आणि जावाच्या कॉफीचा दाटपणा एकत्र आणलेला. चांगला रोस्टर, म्हणजे कॉफी भाजणारा, ब्लेंड करतो तेव्हा त्याच्या मनात एक ठरावीक चव असते. हंगाम बदलला की तो आतले दाणे बदलतो, पण कपातली चव तीच राखायला धडपडतो. ते कौशल्याचं काम आहे. सिंगल ओरिजिनकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका. लॉट संपला की संपला; पुढच्या वर्षी त्याच मळ्याची कॉफी थोडी वेगळी लागणारच.

खरी गडबड कॉफी करताना होते

पाणी दळलेल्या कॉफीतून जाताना आंबट घटक लवकर विरघळतात, गोडवा त्यामागून येतो आणि कडू, तुरट घटक शेवटी. सिंगल ओरिजिन बहुतेकदा हलकी भाजलेली असते, आणि उंचावरचे दाणे सावकाश पिकल्यामुळे घट्टही असतात. अशा दाण्यांतून अर्क सहजी उतरत नाही. गडद भाजलेल्या ब्लेंडसाठी बसवलेलं दळण आणि पाणी इथे अपुरं पडतं, आणि कपात नुसता आंबटपणा येतो.

म्हणून आधी दळण एक पायरी बारीक करा. पाणी ९४ ते ९६ अंशांपर्यंत गरम घ्या. पोअर-ओव्हरसाठी (फिल्टरमधल्या कॉफीवर हळूहळू पाणी ओतायची पद्धत) १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी ही सुरुवात चांगली. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. जिभेच्या कडा आवळणारा, कच्च्या फळासारखा आंबटपणा म्हणजे अर्क कमी उतरला. पिकलेल्या फळासारखा, मागे गोडवा ठेवणारा आंबटपणा हा त्या कॉफीचा गुण. तो घालवायच्या मागे लागू नका. कॉफी कडू झाली आणि तोंड कोरडं पडलं, तर दळण जाड करा. एकाच कपात आंबटही आणि कडूही लागत असेल, तर पाणी सगळीकडून सारखं गेलेलं नाही किंवा ग्राइंडर एकसारखं दळत नाही.

हे सगळं करूनही चव सपक राहिली तर पाणी तपासा. बायकार्बोनेट जास्त असलेलं पाणी कॉफीतली आम्लं मारून टाकतं, आणि त्याबरोबर तिचा सगळा तजेला जातो. उलट खनिजं जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यात कॉफी पातळ आणि टोकदार लागते. कालच भाजलेले दाणेही त्रास देतात: त्यांतून कार्बन डायऑक्साइड इतका बाहेर पडत असतो की पाणी नीट मुरत नाही. हलक्या भाजणीला आठवडाभर विश्रांती द्या.

दूध घालायचं असेल तर माझं स्पष्ट मत: ब्लेंड घ्या. इथिओपियातल्या यिर्गाचेफ भागाच्या वॉश्ड (गर धुऊन काढून वाळवलेल्या) कॉफीतला मोगऱ्यासारखा, लिंबासारखा नाजूक सुगंध दुधात हरवतो. एस्प्रेसोचे अनेक ब्लेंड मुळात दुधासाठीच बांधलेले असतात. काहींत रोबस्टा ही कॉफीची दुसरी प्रजातीही असते, आणि तिच्यामुळे क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा फेस, दाट येतो; फक्त तिच्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं हे लक्षात ठेवा.

देशावरून चव गृहीत धरू नका

'सुमात्रा म्हणजे मातकट' हे वाक्य खूप ऐकू येतं. त्या चवीत मोठा वाटा गिलिंग बासाह या प्रक्रियेचा आहे. तिच्यात दाणा बराच ओला असतानाच वरचं टरफल काढतात. इथिओपियाचीच कॉफी वॉश्ड असेल तर फुलांसारखी, आणि फळासकट वाळवलेली नॅचरल असेल तर ब्लूबेरीसारखी लागू शकते. वाणाचंही तसंच. गेशा मूळचं इथिओपियाचं, पण त्याचा बोलबाला झाला २००४ मध्ये पनामाच्या स्पर्धेत. तेव्हा देशाच्या नावाबरोबर प्रक्रिया आणि वाणही वाचा. पाकिटावर लिहिलेली फळा-फुलांची नावं ही चवीची आठवण असते. वरून अर्क घातलेला नसतो.

फरक स्वतः ओळखायचा असेल तर एक ब्लेंड आणि एक सिंगल ओरिजिन घ्या, शक्यतो सारखीच भाजलेली. दोन्हींना तेच प्रमाण आणि तेच पाणी वापरा, आणि कप शेजारी शेजारी ठेवा. गरम असताना एक घोट घ्या, मग दहा मिनिटं थांबा. कोमट झाल्यावर पुन्हा चाखा. सिंगल ओरिजिनमधलं फळ बहुतेक वेळा या दुसऱ्या घोटातच सापडतं.