लॅक्टोज परमिएजवर काम सुरू करताय?

नेट परीक्षेच्या तयारीत लॅक ओपेरॉन (जिवाणूतला, लॅक्टोज वापरण्यासाठीच्या जनुकांचा गट) सगळ्यांनीच घोकलेला असतो. लॅकझेड लॅक्टोज ही साखर तोडतो, लॅकवाय (म्हणजेच लॅक्टोज परमिएज) ती पेशीच्या आत आणतो, झालं. पण प्रोजेक्टला हेच प्रथिन मिळालं की त्या 'आत आणतो'पाशी महिनोन् महिने जातात.

४१७ अमिनो आम्लं, ई. कोलाय जिवाणूचं आतलं पटल आरपार ओलांडणारे १२ मळसूत्री हेलिक्स, सहा-सहाचे दोन गट, मधे साखरेची जागा. हे तुम्हाला माहीत असेलच.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका गोष्टीने: साखर धरणं वेगळं आणि साखर वाहून नेणं वेगळं. २००३ मध्ये रॉन कॅबॅक आणि सो इवाता यांच्या गटांनी जी पहिली स्फटिकरचना दिली, ती मूळ प्रथिनाची नव्हती. अमिनो आम्लांच्या साखळीत १५४व्या जागी सिस्टीनऐवजी ग्लायसिन असलेल्या म्युटंटची, म्हणजे बदल केलेल्या प्रथिनाची होती. हा म्युटंट साखर छान धरतो, पण पलीकडे जवळजवळ नेतच नाही. मूळ प्रथिनाची रचना २००७ मध्ये आली, आणि तीही आतल्याच बाजूला उघडी. म्हणून चित्राकडे टक लावून वाहतूक कळणार नाही. बाइंडिंगचा आलेख देखणा आला तरी 'प्रथिन काम करतंय' असं लिहू नका.

याहून फसवी जागा ३२५वी. तिथल्या ग्लुटामेटच्या जागी अलानिन घाला. दोन्ही बाजूंच्या साखरेची अदलाबदल मोजली तर म्युटंट ठणठणीत. पेशीत लॅक्टोज साठतं का ते मोजलं तर निकामी! प्रथिन तेच, निष्कर्ष उलटे. कारण साखरेबरोबर प्रोटॉनही आत येतो, आणि तो सोडण्याचं काम या ग्लुटामेटकडे आहे. आधी प्रथिन प्रोटॉन घेतं, मग साखर बसते. आत साखर आधी सुटते, प्रोटॉन नंतर. अदलाबदलीत प्रोटॉन सोडावाच लागत नाही, म्हणून तिथे दोष दिसत नाही. दोन्ही प्रयोग करा. एकावर थांबू नका, गाईडने घाई केली तरी.

'प्रोटॉन साखरेला आत ढकलतो' असं दाखवणारे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ तर मी नव्या मुलांना बघूच देत नाही. प्रोटॉन ग्रेडियंटमुळे (पटलाच्या दोन बाजूंमधल्या प्रोटॉनच्या फरकामुळे) साखरेची पकड बदलत नाही. आत प्रोटॉन सुटण्याचा वेग वाढतो. त्यापेक्षा इयन वेस्ट यांचा १९७०चा प्रयोग वाचा. लॅक्टोज घातल्यावर पेशींबाहेरच्या द्रावणाचा पीएच चढला, म्हणजे साखरेबरोबर प्रोटॉन आत गेले. पीएच इलेक्ट्रोडवर केवढी मोठी गोष्ट दिसली!

प्रथिन कमी मिळेल, डिटर्जंटमध्ये गोळा होऊन बसेल. घाबरू नका, पटलातल्या प्रथिनांचं असंच असतं, यात तुमचा हात वाईट नाही. 'कंट्रोल कुठे आहे?' असं दर मीटिंगला विचारणारा सीनियर शोधा आणि त्याला धरून राहा. तो चिडका असला तरी चालेल.

साठवणीच्या प्रत्येक प्रयोगात सीसीसीपीची (हे रसायन प्रोटॉन ग्रेडियंट मोडतं) एक नळी ठेवाच. ग्रेडियंट कोसळला की साठवण थांबायला हवी, अदलाबदल मात्र चालू राहते. साठवण थांबलेली दिसली नाही, तर नवा सिद्धान्त मांडण्याआधी पेशी गाळलेले फिल्टर नीट धुतले गेले का ते पाहा. चिकटून राहिलेली किरणोत्सारी साखरसुद्धा काउंटरवर आकडे देते.