इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील माणसे कशी तपासावीत

इंग्रजी शिकवण्यासाठी जगभर विकल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकातील माणसे कोण आहेत आणि कशी जगतात, हे पाहायचे असेल तर व्याकरण बाजूला ठेवून आधी फक्त चित्रे आणि संवाद चाळावेत. प्रत्येक पात्राचे नाव, वय, व्यवसाय आणि घर वहीत टिपावे. मुख्य म्हणजे ते पात्र स्वतः बोलते की त्याच्याविषयी केवळ बोलले जाते, हे नोंदवावे. विमानतळावरच्या पाठात प्रवाशाला संवाद असतो आणि सामान उचलणारा नुसताच चित्रात दिसतो, अशा जागी थांबावे. पुस्तकाची दृष्टी तिथेच उघडी पडते.

त्यानंतर काय गाळले आहे ते शोधावे, आणि माझ्या मते हेच काम सर्वांत मोलाचे आहे. राजकारण, मद्य, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, साम्यवादासारखे निरनिराळे ‘वाद’ आणि डुकराचे मांस हे विषय टाळण्याचा प्रकाशकांमधील संकेत या विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेल्या ‘पार्सनिप’ या नावाने ओळखला जातो. इंग्रजी पाठ्यपुस्तकांचे अभ्यासक जॉन ग्रे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी पुस्तके इंग्रजीची सांगड यश, प्रवास आणि उपभोगाशी घालतात, हे दाखवले आहे. म्हणून आजारपण, बेकारी, थकलेले भाडे यांचा उल्लेख कुठे येतो का, हे मुद्दाम पाहावे.

स्वाध्यायही वाचावेत. ‘तुम्ही सुट्टीत कुठे गेला होता?’ हा प्रश्न भूतकाळाच्या सरावासाठी असला, तरी प्रवासाला लागणारा पैसा तो गृहीत धरतो. त्याऐवजी ‘काल संध्याकाळी तुम्ही काय केले?’ असे विचारले, तर तोच काळ शिकवता येतो आणि कोणालाही खोटे उत्तर रचावे लागत नाही.