जुनी मसल कार घेताना भाव बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं

दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या उत्तरेला वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, फर्नडेलपासून पार पॉन्टियॅक गावापर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी भरून जातो, आणि पुढच्या आठवड्यात मला मंडळातल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, की अरे एक चेव्हेल एसएस (शेव्हर्लेच्या चेव्हेलचा ताकदवान प्रकार) बघितली, पंचेचाळीस हजार डॉलर सांगतोय, बरोबर आहे का रे? मी दरवेळी एकच विचारतो, एसएस आहे हे कशावरून? तर म्हणतात, अरे मागे एसएस लिहिलंय ना.

म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. गेली काही वर्षं मिशिगनमध्ये मी ह्याच मसल कारच्या, म्हणजे मोठं इंजिन घातलेल्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या मागे फिरतोय, एक घेतली, चार सोडल्या, आणि माझं स्पष्ट मत झालंय की गाडी नक्की कोणती आहे हे ठरल्याशिवाय भावावर बोलूच नये. रंग, क्रोम, इंजिनाचा आवाज ह्यात माणूस विरघळतो आणि किंमत तिथेच चुकते.

ह्या गाड्यांचा इतिहासच असा आहे की फसायला जागा भरपूर. 1964 ला जनरल मोटर्सच्या (जीएम) पॉन्टियॅक ब्रँडने लेमान्स ह्या मध्यम आकाराच्या साध्या गाडीत 389 क्यूबिक इंचाचं मोठं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घातलं (पुढचे इंजिनाचे आकडेही क्यूबिक इंचातलेच) आणि त्याला जीटीओ नाव दिलं, पण ती वेगळी गाडी नव्हती, ते ऑप्शन पॅकेज होतं. पुढे बाकीच्यांनीही तेच केलं. म्हणजे साधी चेव्हेल मालिबू आणि चेव्हेल एसएस एकाच लाईनवर तयार व्हायच्या, पत्रा तोच, दारं तीच, फरक इंजिन, सस्पेन्शन, बॉनेट आणि बिल्ल्यांचा. आज ते बॉनेट आणि ते बिल्ले कॅटलॉगमधून घरपोच येतात, कॅमॅरो, मस्टँग आणि चेव्हेलची तर अख्खी बॉडीसुद्धा नवीन बनवलेली मिळते. त्यामुळे साध्या गाडीची एसएस करणं अवघड नाही. तशी गाडी घेण्यात वाईट काहीच नाही, चालवायला मजा तेवढीच येते, पण तिला इथे क्लोन किंवा ट्रिब्यूट म्हणतात आणि तिचा भाव खऱ्यापेक्षा बराच कमी असायला हवा.

सुरुवात व्हिनपासून करा. व्हिन म्हणजे आपल्याकडचा चॅसिस नंबर. 1968 पासून तो डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा असतो. 1968 च्या जीटीओचा व्हिन 242 ने सुरू व्हायलाच पाहिजे. 237 असेल तर ती लेमान्स आहे, मालक काहीही सांगो. पुढचे 37 म्हणजे दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची), 67 म्हणजे कन्व्हर्टिबल, मग 8 म्हणजे 1968 साल, मग कारखान्याचं अक्षर, पी असेल तर पॉन्टियॅक, मिशिगन. पण हा नियम सगळ्या वर्षांना लागू नाही, 1964 आणि 65 ला जीटीओ ऑप्शन असल्यामुळे व्हिनमध्ये दिसत नाही, 66 ते 71 मध्ये दिसतं, 72 पासून परत नाही. चेव्हेलचंही तसंच, 1966 ते 68 च्या एसएस 396 चा व्हिन 138 ने सुरू होतो, 1969 पासून एसएस ऑप्शन, म्हणजे सगळ्यात जास्त मागणी असलेली 1970 ची चेव्हेल एसएस व्हिनवरून ओळखताच येत नाही. फोर्ड मस्टँगच्या व्हिनमधलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, 1965-66 मध्ये के म्हणजे 271 हॉर्सपॉवरचं 289, आणि टी म्हणजे साधं सहा सिलिंडरचं, ज्याची चाकं चार बोल्टची असायची तर व्ही-8 ची पाच बोल्टची. डॉज-प्लिमथमध्येही पाचवं अक्षरच बघायचं, 1970 ला आर म्हणजे 426 हेमी हे तगडं इंजिन, व्ही म्हणजे तीन कार्ब्युरेटरवालं 440.

मी एकदा चार तास गाडी चालवून ओहायोत एका डीलरकडे 68 ची लाल जीटीओ बघायला गेलो होतो. बावन्न हजार सांगितले होते, फोटो असे की झोप लागू नये. फोनवर दोनदा व्हिन मागितला तर या तुम्ही, सगळं दाखवतो. गेलो आणि डॅशबोर्डवर बघतो तर 237. पुढचा रबरी एन्ड्युरा बंपर जीटीओचा, बॉनेट जीटीओचं, आणि खाली लेमान्स. डीलर म्हणाला, इंजिन तर 400 आहे ना. आता पॉन्टियॅकचं 350, 400 आणि 455 बाहेरून अगदी सारखी दिसतात, तोच निळा रंग, तोच आकार, त्यामुळे आत काय आहे ते नंबर वाचल्याशिवाय कळत नाही. वाचला तर ते 350 निघालं. तो पूर्ण शनिवार माझा वाया गेला आणि मला आजही त्याचा राग आहे, कारण एवढं फोनवर सांगता आलं असतं. तेव्हापासून व्हिनचा फोटो आल्याशिवाय मी घरातून निघत नाही आणि तुम्हीही निघू नका.

व्हिननंतर कागद. पॉन्टियॅक ब्रँड 2010 ला बंद झाला तरी त्याची मूळ बिलं शाबूत आहेत, पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे व्हिन दिला की पैसे भरून गाडी कारखान्यातून कशी निघाली ते मिळतं, इंजिन, गिअरबॉक्स, ऑप्शन, सगळं. 1969 ची जीटीओ जज (जीटीओवरचं खास ऑप्शन पॅकेज) घ्यायची असेल तर ह्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका, कारण जज व्हिनमध्ये दिसत नाही आणि त्या वर्षी कन्व्हर्टिबल जज फक्त 108 बनल्या. फोर्डसाठी 1967 पासूनच्या गाड्यांचा असाच कारखान्याच्या नोंदींचा मार्टी रिपोर्ट मिळतो. शेव्हर्लेची अशी सोय अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी नाही, कॅनडात विकलेल्यांचे कागद मात्र मिळतात, म्हणून शेव्हीमध्ये मूळ बिल्डशीट म्हणजे कारखान्यातला तो कळकट कागद, जो कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये तर कधी पेट्रोलच्या टाकीवर सापडतो, त्याला एवढी किंमत आहे. कागद नसलेल्या 1970 च्या एसएसला मी तरी मालिबू समजूनच भाव लावतो.

मग 'नंबर्स मॅचिंग', म्हणजे गाडीत तिचंच मूळ इंजिन असणं. हे दोन शब्द जाहिरातीत असले की चार-पाच हजार आपोआप वाढतात, म्हणून ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. 1968 पासून इंजिनावर गाडीच्याच व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. 68 च्या पॉन्टियॅकवर टायमिंग कव्हरच्या शेजारी, तेल आणि धुळीचा थर चढलेला असतो, चिंधीने पुसा, टॉर्च तिरका धरा, 2, मग 8, मग कारखान्याचं अक्षर, मग सहा आकडे, आणि ते डॅशबोर्डशी जुळायला हवेत. दुसरं, ब्लॉक कधी ओतला ती तारीख, मागे डिस्ट्रिब्युटरपाशी असते, एक अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, मग दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ही तारीख फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर दिलेल्या गाडीच्या तारखेच्या आधीची हवी. व्हिन प्लेटचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारखे असतात, ते साधे गोल दिसले किंवा प्लेट उचकटल्यासारखी वाटली तर किंमत कितीही कमी असली तरी तिथून निघा, व्हिनशी छेडछाड हा इथे मोठा गुन्हा आहे.

गाडी खरी निघाली तरी पत्रा बघायचाय. मिशिगन, ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ लोखंड खातं, म्हणूनच ऍरिझोना-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतल्या गाडीला लोक जास्त पैसे मोजतात. फ्रिजवरचं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून मागच्या चाकाच्या कमानीभोवती, दाराच्या खालच्या कडेला फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी भरलीय. डिकीतला गालिचा उचलून टायरखालचा पत्रा बघा. मागच्या काचेची खोबण बघा, तिथून पाणी शिरतं आणि डिकी सडते, आणि छतावर व्हिनाईल असेल तर दुप्पट लक्ष द्या, त्याच्याखाली गंज झाकला जातो. जीटीओ, चेव्हेलला वेगळी फ्रेम असते, ती मागच्या चाकांपाशी आतून कुजते, हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐका. मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालची काऊल (पत्र्याची पोकळी), तिथे पाण्याचा जग ओता आणि आत पायापाशी हात लावून बघा. हे सगळं करताना मालकाला आधी सांगा, चांगला मालक स्वतः टॉर्च आणून देतो.

इंजिन थंडच ठेवा असं फोनवरच सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवते. आणि लिफ्टवर चढवून देणारा माहितगार मेकॅनिक मिळाला तर त्याचे काही शे डॉलर द्या, गॅरेजचा तासाचा दर आता शंभर डॉलरच्या वर गेलाय, तेव्हा नंतरच्या दुरुस्तीपुढे ते काहीच नाहीत.

आता आकडे. जाहिरातीतली किंमत ही मालकाची इच्छा असते, बाजारभाव नसतो, सहा महिने तीच जाहिरात दिसतेय म्हणजे तो भाव कोणी दिला नाही एवढंच सिद्ध होतं. बघायचं ते विकल्याची किंमत. ब्रिंग अ ट्रेलर ह्या लिलावाच्या साइटवर जुने सौदे फोटोंसकट दिसतात, मीकम आणि बॅरेट-जॅक्सन ह्या लिलाव कंपन्यांचे निकालही मिळतात, फक्त हातोडा पडला त्यावर साधारण 10 टक्के प्रीमियम असतो तो आकड्यात धरलाय का ते बघा. टीव्हीवरच्या लिलावातले विक्रम डोक्यातून काढून टाका, 2014 ला सिॲटलला 1971 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल (प्लिमथ बॅराकुडाचा हेमी इंजिनवाला प्रकार) 35 लाख डॉलरला गेली म्हणून शेजारच्या साध्या 318 इंजिनवाल्या बॅराकुडाचा भाव वाढत नाही. हॅगर्टी ह्या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीचं किंमत सांगणारं व्हॅल्युएशन टूल चार वर्ग करतं, 1 म्हणजे प्रदर्शनात जिंकणारी, 2 उत्तम, 3 चांगली, 4 चालणारी पण दोष दिसणारी. प्रत्येक मालक स्वतःच्या गाडीला 2 म्हणतो, पण रविवारी आईस्क्रीम खायला चालवत नेलेली, लांबून छान, जवळून रंगावर बारीक बुडबुडे, ती 3 असते. दोन वर्गांमधला फरक कित्येक हजारांचा आहे, सगळी घासाघीस खरं तर ह्याच एका आकड्यावर असते.

वर्षालाही किंमत आहे. 1971 पासून जीएमने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे ताकद घटली, विमे महागले, 1973 ला तेलसंकट आलं, म्हणून साधारणपणे 1970 पर्यंतच्या गाड्या महाग आणि त्यानंतरच्या स्वस्त. 1972 पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतच बदलली, तेव्हा 71 आणि 72 चे आकडे समोरासमोर ठेवू नका. कारखान्यातला चार स्पीड गिअरबॉक्स भाव वाढवतो, बदललेला रंग कमी करतो. आणि मालक म्हणाला की मी हिच्यावर साठ हजार घातलेत, तर ऐकून घ्या, मनापासून कौतुक करा, पण घातलेला खर्च म्हणजे किंमत नाही, विशेषतः आधुनिक एलएस इंजिन टाकलेल्या गाडीत तर अजिबात नाही.

माझी गाडी मला शेवटी इंडियानात एका आजोबांकडे मिळाली, 68 चीच, व्हिन 242, मागत होते 46 हजार. फायरवॉलवरच्या पट्टीवर 02सी, म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. ब्लॉकवर ई 9 9, म्हणजे 9 मे 1969. गाडीपेक्षा इंजिन सव्वा वर्षाने लहान! मी बाहेर अंगणात वहीत मांडलं: मूळ इंजिनवाल्या 3 वर्गाच्या अशाच गाड्या त्या महिन्यांत 44 हजारांच्या आसपास गेल्या होत्या, इंजिन मूळ नाही म्हणून वजा पाच हजार, डिकीचा तळ आणि काचेची खोबण, त्याला आमच्या गॅरेजवाल्याने 3,200 सांगितले होते, आणि टायर, ज्याच्या बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष दाखवतात, ते तेरा वर्षांचे होते, म्हणून 900. राहिले 34,900. वही तशीच त्यांच्यासमोर ठेवली आणि 35 हजार म्हणालो. भाव पाडायला मोठमोठ्याने गाडीला नावं ठेवणारे लोक मी बघितलेत, मला ते पटत नाही, ज्या माणसाने तीस वर्षं गाडी सांभाळली त्याला आकडे दाखवा, तो समजून घेतो. दिवस ऑक्टोबरचे होते, हिवाळ्यात गाडी कुठे ठेवायची हा प्रश्न त्यांच्याही डोक्यात होताच, वसंतात हाच सौदा मला महाग पडला असता.

ते आत गेले, बायकोशी बोलले, वीस मिनिटांनी बाहेर आले आणि 36 म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. मिशिगनचा 6 टक्के कर म्हणजे वर 2,160, ते आधीच धरून ठेवले होते, आणि विमा ॲग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे ठरलेली पूर्ण रक्कम मिळेल असाच घ्यायचा हेही ठरलं होतं. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर डॅशबोर्डशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, सही झाली. मग त्यांनी फडताळातून बिस्किटांचा एक गंजका डबा काढून माझ्या हातात दिला, आत तीस वर्षांच्या पावत्या, आणि सगळ्यात तळाशी आधीच्या मालकाची 1974 ची पावती, इंजिन बदलल्याची.